सात नंबरची वानगी

यवतमाळ
१२ जानेवारी २०२५

रजत,

शुक्रवार, दिनांक १० जानेवारी २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. आमच्या कॉलेजचं सभागृह, तिसरी रांग, खिडकीकडून दुसरी खुर्ची. घड्याळ पाहून वहीत टिपलं आहे, तेव्हा वेळेबद्दल वाद नको. मिशनच्या शाळेत सिस्टरकडे तक्रार घेऊन गेलं की त्या आधी तारीख आणि वेळ विचारायच्या. ज्याला वेळ सांगता येत नाही त्याची तक्रार खोटी, असं त्यांचं मत होतं. माझी खोटी नाही.

त्या मिनिटाला तू पडद्यावर एक फोटो दाखवलास. पोलादाचा तुकडा, त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा केसाहून पातळ थर, आणि तो थर जागोजागी सुटून वर आलेला. तू म्हणालास, "हा सात नंबरचा नमुना. याच्याकडे फार लक्ष देऊ नका. आमच्या एका विद्यार्थिनीच्या हातून पडला. तांड्यावरच्या मुली, चिमट्यापेक्षा विळा बरा धरतात."

सभागृह हसलं. प्राचार्य हसले. चहा वाटणारा माणूसही हसला, त्याला मी क्षमा केली आहे. तुला नाही.

ती विद्यार्थिनी म्हणजे उज्ज्वला आडे. बी.एस्सी.ची तीन वर्षं ती माझ्या प्रयोगशाळेत होती. तीन वर्षांत तिच्या हातून एक परीक्षानळी फुटली आणि ती तिने स्वतः रजिस्टरमध्ये लिहिली. तिला संशोधनासाठी नागपूरला तुझ्या केंद्रात पाठवणारी मी. शिफारसपत्र माझ्या हातचं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा आहे, पोरीला सांभाळील, असं मी तिच्या आजीला तोंड वर करून सांगितलं होतं.

आता फिजिक्सकडे येऊ, म्हणजे मावशीला राग आला एवढंच घरी सांगता येणार नाही. अणुभट्टीतल्या पोलादी नळ्यांवर हा थर द्यायचा, हा तुझा प्रकल्प. भट्टीतल्या किरणोत्सर्गाने धातूतले अणू जागचे हलतात आणि आतल्या आत हेलियम वायू तयार होतो. तो कुठे जाऊन बसतो हा प्रश्न. तू म्हणतोस, धातू आणि ऑक्साइड यांच्या सांध्यात तो निमूट बसून राहतो आणि थराला धक्का लागत नाही. पडद्यावरच्या तुझ्याच नमुन्यांच्या यादीत मी वाचलं: पाच नंबरमध्ये आयन मारणाऱ्या यंत्राने नुसता हेलियम भरला. सहा नंबरवर अणू हलवायला नुसता जड आयनांचा मारा केला. दोन्ही एकत्र फक्त सात नंबरवर. भट्टीत दोन्ही एकदमच होतं. म्हणजे भट्टीसारखा एकच नमुना होता, आणि नेमका तोच मुलीच्या हातून पडला.

पडलेल्या वस्तूची कड फुटते. फोटोत कडा शाबूत होत्या आणि मधोमध फोड होते. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की वाफ मध्ये कोंडते आणि पापुद्रा सुटतो, तसे. असा पापुद्रा तू लहानपणी बोटाने फोडून खायचास. तेव्हा तरी भाकरी पडली होती असं म्हणत नव्हतास.

सात नंबर पडला हे तुला कुणी सांगितलं, कधी, ते लिही. कागदावर लिही. फोनवर बोललेलं तुम्ही लोक नंतर बोललोच नव्हतो म्हणता.

आशीर्वाद या खेपेला नाहीत.

विजयमाला गावंडे


नागपूर
२१ जानेवारी २०२५

ती. मावशीस सा. न.

तुमचं पत्र मिळालं. सोबत संक्रांतीचा तिळगूळ पाठवतो आहे. तो घ्या आणि जरा गोड बोला.

विळ्याचं वाक्य गमतीत गेलं. व्याख्यानात दोन हलकी वाक्यं टाकावी लागतात, नाहीतर लोक मोबाइल काढतात. मुलीचं नावही मी घेतलं नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. सात नंबर पडला हे मला तिनेच लिहून दिलं आहे. झेरॉक्स जोडतो: "सात नंबरचा नमुना दिनांक ३ सप्टेंबर २०२४ रोजी चिमट्यातून निसटून फरशीवर पडला. उज्ज्वला पूनमसिंग आडे." अक्षर तुमच्या ओळखीचं असेल. तुम्ही ज्या मुलीसाठी भांडता आहात ती स्वतःच चूक कबूल करते, मग वाद कुणाशी?

भाकरीचं उदाहरण बी.एस्सी.च्या वर्गात शोभतं. इथे आम्ही नॅनोमीटर मोजतो. शिवाय प्रकल्प पुढच्या टप्प्याला निघाला आहे. पुढच्या महिन्यात खऱ्या नळ्यांवर थर द्यायला सुरुवात होईल. एका नमुन्यापायी पुन्हा त्या यंत्रासाठी चौदा महिने रांगेत उभं राहणं कुणालाच शक्य नाही, हे तुम्हीही समजून घ्याल.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त दुपारी बारा वाजता मी पुन्हा तुमच्या कॉलेजात येतो आहे. आभार तुम्ही मानणार असं प्राचार्य म्हणाले. आनंद झाला.

तुमचा,
रजत


यवतमाळ
२४ जानेवारी २०२५

उज्ज्वला,

तुझ्या हातच्या चिठ्ठीची झेरॉक्स माझ्या टेबलावर आहे. ३ सप्टेंबरला नमुना फरशीवर पडला म्हणतेस.

तुझं २० सप्टेंबरचं पत्रही माझ्या टेबलावर आहे. त्यात तू लिहिलं आहेस, "सात नंबर सगळ्यांहून वेगळा निघाला मॅडम, फोटो पाहून मला जेवण सुचलं नाही." वेगळा निघाला म्हणालीस. पडला म्हणाली नाहीस. दोहोंपैकी एक खोटं आहे. कोणतं, ते मला सांग.

नमुना पाडला असशील तर त्यात लाज नाही. माझ्या हातून आरसे फुटले आहेत. पण पडला नसताना पडला असं लिहून दिलं असशील, तर मी तुला तीन वर्षं काय शिकवलं? मी तुझ्यासाठी त्या माणसाशी भांडते आहे आणि तो तुझीच सही माझ्या तोंडावर फेकतो. मला शिसारी आली. त्याची आलीच होती, आता तुझीही आली.

दिवाळीला आली नाहीस. नंतर पत्र नाही. आता त्याचं कारण कळलं असं समजते.

गावंडे


तांडा, ता. उमरखेड
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मॅडम,

तुमचं पत्र नागपूरच्या हॉस्टेलवर गेलं होतं. मैत्रिणीने इकडे पाठवलं. मी डिसेंबरपासून घरी आहे. चिठ्ठी लिहून दिल्यावरही फेलोशिपच्या मुदतवाढीवर सरांनी सही केली नाही. बाबांना सांगितलं, सुट्टी आहे. ते म्हणाले, "एवढी मोठी सुट्टी कॉलेजले असते का वं?" मी त्यांच्याबरोबर तुरीच्या गंजीवर काम करते आणि ते पुढे विचारत नाहीत.

पहिलं सांगते. सात नंबर पडला नाही. चिठ्ठी खोटी आहे आणि अक्षर माझंच आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "सात नंबर पडला असं लिहून दे, म्हणजे तो निकालाच्या तक्त्यातून काढता येईल आणि तुझा प्रबंध मोकळा होईल." मी नाही म्हटलं. पडला नाही तर कसं लिहू? मग ते हसले. म्हणाले, "तुमच्या गावंडे मॅडमशी बोललोय मी. मावशीच आहे माझी. तिचंही हेच म्हणणं आहे, की पोरीला म्हणावं हट्ट करू नकोस, लिहून दे आणि मोकळी हो."

तुमचं नाव आलं आणि मी पेन घेतलं.

तुम्हाला का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मला तुमचा राग आला होता. परीक्षानळी फुटली तर रजिस्टरमध्ये लिहायला लावणाऱ्या तुम्ही, आणि घरच्या माणसाचा प्रश्न आला तेव्हा असं सांगता? म्हणून दिवाळीला आले नाही. पत्र लिहायला बसायची आणि "आदरणीय" हा शब्द लिहवायचा नाही. आता तुमचं पत्र वाचलं आणि कळलं की तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही मला शिव्या दिल्यात त्याने बरं वाटलं.

दुसरी गोष्ट मी आजीशिवाय कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या आजीच्या सासऱ्यांच्या काळी आमची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य लादून लांब न्यायची. लादताना मालातली मूठभर वानगी कापडात गाठ मारून वेगळी ठेवायची, असं आजी सांगते. पोचल्यावर कुणी म्हणालं की माल बदलला, तर सगळ्यांसमोर गाठ सोडायची. आजी अजूनही तूर विकायला जाते तेव्हा मूठभर बांधून घरी ठेवते. बाबा हसतात.

मीही तेच केलं. यंत्रावर न्यायच्या आधीच मी प्रत्येक तुकडा मधोमध कापला होता. दोन्ही अर्धी शेजारी शेजारी लावून दोन्हींत एकाच वेळी हेलियम भरला, दोन्हींवर एकाच वेळी मारा केला. एक अर्धं सरांच्या प्रयोगशाळेत दिलं. दुसरं आजीने मारलेल्या गाठीत. रजिस्टरमध्ये "अर्धा भाग राखून ठेवला" अशी नोंद आहे, सरांची सहीसुद्धा आहे, पण ते न वाचता सही करतात. तोंडाने कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, हसतील म्हणून.

पाच, सहा आणि सात, तिन्हींच्या गाठी पाठवते. घाबरू नका. हे तुकडे किरणोत्सारी नाहीत, केंद्रात मीटर लावून तपासल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. सातची गाठ मी अजून सोडलेली नाही. आत काय आहे मला माहीत नाही. थर नीट असला तर सर म्हणतात तेच खरं, आणि मग मला माझ्या हातांबद्दल काही बोलता येणार नाही. ही भीती वाटते म्हणूनच चार महिने गाठ सोडवली नाही, हेही लिहून टाकते.

आजी बाजूला बसली आहे. "काहून रडून राह्यली? बाईले सांग ना का मले पोरीचा हात ठाऊक हाय," असं लिही म्हणते.

तुमची,
उज्ज्वला


यवतमाळ
८ फेब्रुवारी २०२५

चि. उज्ज्वला हिस अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. तिन्ही गाठी जशाच्या तशा कपाटात कुलूप लावून ठेवल्या आहेत.

ऑक्टोबरमध्ये रजत माझ्याशी बोलला नव्हता. सप्टेंबरमध्ये नाही, नोव्हेंबरमध्येही नाही. वर्षभरात त्याचा एक फोन आला, तो आंब्याच्या लोणच्याचा मसाला विचारायला. तुझ्यावर रागावले ते शब्द मी परत घेते. तुझ्या वाट्याची शिसारी आता माझ्याकडे आली आहे, कारण तुला त्याच्याकडे पाठवताना मी त्याचं काम पाहिलं नव्हतं, नातं पाहिलं होतं.

सातची गाठ मी एकटी सोडणार नाही. कॉलेजचा मायक्रोस्कोप मागते. मंगळवारी, १८ तारखेला, दहा वाजता ये. आजीला घेऊन ये. गाठ त्यांची आहे. आणि एक ऐक. आत थर नीट निघाला, तर तेही मी त्याच शाईने लिहीन. चालणार असेल तरच ये.

विजयमाला गावंडे


नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

श्रीमती गावंडे यांस,

प्राचार्यांकडून कळलं की आमच्या केंद्राचे काही नमुने तुमच्या ताब्यात आहेत आणि ते तपासायला तुम्ही मायक्रोस्कोप मागितला आहे. नमुने ही केंद्राची मालमत्ता आहे. ते न हाताळता ताबडतोब परत पाठवावेत. असे कुठलेही अर्धे तुकडे राखल्याची माहिती मला दिली गेलेली नव्हती.

मावशी, आता घरचा म्हणून लिहितो. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला वेळ आहे. त्या मुलीला तिचं आयुष्य आहे. हे वाढवलंत तर तिचा प्रबंध कुठलाही गाईड हातात घेणार नाही. तिचं भलं व्हावं असं वाटत असेल तर थांबा. आईलाही तुमच्या पत्राने फार लागलं आहे.

रजत


यवतमाळ
२० फेब्रुवारी २०२५
रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह

डॉ. रजत वानखडे,

मंगळवार, दिनांक १८ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटे. आमच्या कॉलेजची भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, दक्षिणेकडचं टेबल. हजर: मी, प्रयोगशाळा परिचर रामधन, उज्ज्वला आडे, तिची आजी जमनाबाई. प्राचार्यांना बोलावलं होतं. त्यांना मीटिंग होती. मायक्रोस्कोप मात्र त्यांनी दिला. तो १९९४ साली मीच मागवला होता, त्यामुळे नाही म्हणायला त्यांची जीभ वळली नसावी.

अर्धे तुकडे राखल्याची माहिती दिली नव्हती, असं तू लिहितोस. केंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे आणि नोंदीखाली तुझी सही आहे. न वाचता केलेली सही ही सहीच असते.

आधी पाचची गाठ सोडली. नुसता हेलियम. थर साफ, काचेसारखा. मग सहा. नुसता मारा. थर जरा काळवंडलेला, पण धातूला घट्ट धरून. सातची गाठ आजीने सोडली. दातांनी सोडली, कारण ती त्यांनी तशीच मारली होती. तुकडा मी चिमट्याने उचलून मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि आधी उज्ज्वलाला पाहायला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाहा." म्हणून मी पाहिलं.

फोड होते. मधोमध, ओळीने, काही फुटलेले, काहींचे पापुद्रे नुसते उचललेले. कडा शाबूत. तुझ्या पडद्यावर होतं तेच.

रामधनने पाहिलं. म्हणाला, "मॅडम, हे त फुगून राह्यलं." मग आजींना स्टुलावर बसवलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुमचा भाचा काय म्हणते याले?"

मी म्हटलं, तो म्हणतो, तुमच्या नातीच्या हातून तुकडा खाली पडला.

"मंग हाबी पडला का?" त्या म्हणाल्या. "गाठीतल्या गाठीत?"

यावर रामधन हसला. १० जानेवारीला तुझ्या वाक्यावर हसलेल्यांत तो नव्हता, हे नोंदवते.

त्यानंतर मी साधी चिकटपट्टी घेतली. तिन्ही तुकड्यांवर एकेक पट्टी लावली, अंगठ्याने सारखी दाबली, एका झटक्यात ओढली. सातच्या अर्ध्या भागावरच लावली, उरलेलं चतकोर आजींनी पुन्हा बांधलं आहे. तिन्ही पट्ट्या प्रॅक्टिकलच्या वहीच्या पानावर चिकटवून खाली चौघांच्या सह्या घेतल्या. जमनाबाईंनी अंगठा दिला. त्या पानाची रंगीत प्रत सोबत आहे. पाचची पट्टी कोरी. सहाची कोरी. सातच्या पट्टीवर राखाडी खपल्या आहेत, चष्म्याशिवायही दिसतात. तुझे नॅनोमीटर स्टेशनरीच्या दुकानातल्या पट्टीने उचलले.

एका नमुन्यावरून सिद्धांत होत नाही, हे मला माहीत आहे. मी सिद्धांत मांडत नाही. मार्‍याने धातूतले अणू हलले, त्यांच्या आधाराने हेलियम वाट काढत सांध्याशी गेला, तिथे त्याचे बुडबुडे एकमेकांना मिळाले आणि थर सुटला, असं उज्ज्वलाचं म्हणणं आहे. ते चूकही असेल. तपासायला चौदा महिने लागतील तर चौदा महिने लागू देत. तो थर भट्टीतल्या नळीवर बसणार आहे. पण ही शंका आहे, आणि शंका फरशीवर पाडता येत नाही.

तू लिहितोस, मुलीचं भलं व्हावं असं वाटत असेल तर थांबा. तिचा प्रबंध अडवून धरलेल्या माणसाने हे लिहावं, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि हात धुतले. हे मी शब्दशः सांगते आहे. तुझ्या आईला माझ्या पत्राने लागलं असेल तर ते पत्र तिला दाखवणारा तू आहेस. हेही दाखव. उज्ज्वलाने खोटी चिठ्ठी लिहिली, ही तिची चूक तिने परवा माझ्यासमोर स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे, परीक्षानळीसारखी. त्याचीही प्रत सोबत आहे. तिच्या नावाचं जे व्हायचं ते आता खऱ्यावर होईल.

तुझ्याकडून मला लेखी उत्तर हवं आहे. सात नंबरचा नमुना पडला नव्हता, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. तो तक्त्यात परत घेऊन प्रकल्प समितीला कळवल्याच्या पत्राची प्रत हवी, आणि उज्ज्वलाच्या मुदतवाढीच्या अर्जावर तुझी सही हवी.

आणखी एक गोष्ट हवी, ती माझी स्वतःची आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तू तुझ्या केबिनमध्ये माझं नाव घेतलंस. मी न बोललेलं वाक्य माझ्या तोंडी घातलंस, आणि त्या वाक्याच्या भरवशावर एका मुलीने पेन उचललं. चाळीस वर्षं मी ते नाव जपलं. तुला ते पाच मिनिटांसाठी उसनं हवं होतं, म्हणून तू न विचारता उचललंस. सगळ्यांत जास्त किळस मला याची आली आहे. उज्ज्वलाला तो दिवस नीट आठवत नाही. तिला त्या वेळी घड्याळ पाहायचं भान नव्हतं. तुला असेल. ती तारीख लिही. किती वाजले होते तेही लिही.

हे उत्तर माझ्या हातात शुक्रवार, दिनांक २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांच्या आत पडलं पाहिजे. बारा वाजता तुझं व्याख्यान आहे. आभाराचं काम प्राचार्यांनी अजून माझ्याकडेच ठेवलं आहे. मी वही घेऊन पहिल्या रांगेत बसेन. जमनाबाई माझ्या शेजारी असतील, उरलेलं चतकोर घेऊन. उत्तर आलं असेल तर मी ते वाचून दाखवीन. आलं नसेल, तर गाठ तिथे सोडू.

विजयमाला सदाशिवराव गावंडे